आईबापांचा हात आणि देवाचा हात

शास्त्रभाग : लूक 15:11-32, 1 शमुवेल 2:22-25, 3:13



लेकरू लहान असते तेव्हा त्याचे बोट धरून आपण त्याला उपासनेस नेतो. शब्बाथ शाळेत ते वचने तोंडपाठ म्हणते आणि आपले मन भरून येते. पुढे तेच लेकरू अठरा-वीस वर्षांचे होते व एके रविवारी म्हणते, "मी येणार नाही." त्या दिवशी घरात कोणाला जेवण गोड लागत नाही. आपले कोठे चुकले, हा एकच प्रश्न आईबापांच्या मनाला टोचत राहतो. त्याकडे आपण वचनाच्या प्रकाशात पाहू.

1. बापाने मुलाला अडवले नाही

धाकट्याने वाटणी मागितली व बापाने ती दिली (वचन 12). बाप जिवंत असता वाटणी मागणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहण्यासारखेच होते. तरी बापाने त्याला कोंडले नाही, त्याच्या मागे चाकर धाडले नाहीत. हा बाप आपल्या स्वर्गीय पित्याचे चित्र आहे. देवाने मनुष्याला दिलेली इच्छा खरोखरीची आहे. धाकामुळे घरात राहिलेला मुलगा चाकर होतो, पुत्र होत नाही.

2. मोकळीक म्हणजे दुर्लक्ष नव्हे

एली याजकाने आपल्या मुलांना बोल लावले, पण उशिरा. आणि अधिकार असूनही त्यांना आवरले नाही. म्हणून देवाने त्याला दोष दिला. मुले लहान असताना शिस्त लावणे हे आपले काम आहे. अनुवाद 6:6-7 मधील क्रमही पाहा : वचन आधी आईबापांच्या अंतःकरणात, मग मुलांच्या कानी. ज्या घरात प्रार्थना फक्त मुलांना सांगितली जाते, तेथे मुले ती लवकरच सोडतात.

3. मोनिकेची न ऐकलेली प्रार्थना

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत मोनिका नावाची एक ख्रिस्ती माता होती. तिचा बुद्धिमान मुलगा ऑगस्टीन मानीच्या पंथात गेला. त्याची समजूत घालावी म्हणून तिने एका बिशपाला गळ घातली. त्यांनी वाद घालण्याचे नाकारले आणि त्याला सध्या तसेच राहू दे, त्याच्यासाठी प्रार्थना मात्र करीत राहा, असे सांगितले. इ.स. 383 मध्ये ऑगस्टीन रोमला जाण्यास निघाला. तो जाऊ नये म्हणून मोनिका बंदरापर्यंत गेली आणि जवळच्या प्रार्थनास्थळी रात्रभर रडली. तो मात्र तिला फसवून रात्रीच जहाजाने निघून गेला.

तिला वाटले असेल, देवाने ऐकले नाही. परंतु त्याच वाटेने ऑगस्टीन पुढे मिलानला पोहोचला, तेथे त्याने बिशप अँब्रोज यांचे उपदेश ऐकले, आणि 387 च्या ईस्टरला त्यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी मोनिका मिलानमध्येच होती. त्याच वर्षी ती प्रभूकडे गेली. पुढे ऑगस्टीनने लिहिले की, आईने त्या रात्री मागितलेले देवाने दिले नाही, ते ती नित्य मागत होती ते देण्यासाठीच.

4. वचन हा करार नव्हे

नीतिसूत्रे 22:6 वाचून काही आईबाप स्वतःला दोषी ठरवतात. ते सुज्ञाने दाखवलेली वाट आहे. इतके शिकवले म्हणजे इतके मिळेलच, असा व्यवहार नव्हे. प्रत्येक मोनिकेला आपल्या हयातीत बाप्तिस्मा पाहावयास मिळत नाही. म्हणून आपली आशा आपल्या संगोपनावर नव्हे, तर देवाच्या विश्वासूपणावर ठेवावी.

5. थोरल्यालाही विसरू नका

थोरला घरीच होता, तरी मनाने दूर होता. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला व विनवू लागला (वचन 28). तो आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. रोज उपासनेस येणाऱ्या मुलाचेही अंतःकरण जाणून घ्या.

मनन करा

1. माझा मुलगा वा मुलगी आज परत आली, तर घरात आधी काय ऐकू येईल : टोमणा की आनंद?
2. मी मुलांसाठी जे मागतो, त्यात माझी अब्रू किती व त्यांचे तारण किती?

प्रार्थना : हे पित्या, आमचे हात जेथे पोहोचत नाहीत, तेथे तुझा हात पोहोचतो. दूर गेलेल्यांना सांभाळ, आणि ते येईपर्यंत आम्हांला दाराशी प्रीतीने उभे राहू दे. आमेन.