पेशींतील पत्ता वाचणारा कण

आपल्या पेशींत क्षणोक्षणीं नवीं प्रथिनें तयार होतात. त्यांपैकीं कित्येकांस पेशीबाहेर जावयाचें असतें. अशा प्रथिनाच्या आरंभीं बहुधा त्याचा पत्ताच असतो. या शोधाबद्दल गुंटर ब्लोबेल यांस १९९९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा पत्ता वाचणाऱ्या कणास ‘एसआरपी’ म्हणतात. मनुष्याच्या पेशींत त्यांत सहा प्रथिनें व सुमारें ३०० घटकांची एक आरएनए-साखळी असते. ही साखळी या कणांत असते, हें पीटर वॉल्टर व ब्लोबेल यांनीं १९८२ सालीं दाखवून दिलें.

कणाची जुळणी क्रमानेंच होते. पांच प्रथिनें केंद्रकांतच साखळीस जोडलीं जातात. त्यांतील ‘एसआरपी-१९’ साखळीच्या दोन शाखा जवळ आणून घट्ट धरतें. त्यायोगें ‘एसआरपी-५४’ या सहाव्या प्रथिनास जागा तयार होते. तें केंद्रकाबाहेर, अगदीं शेवटीं येऊन बसतें. आणि पत्ता वाचण्याचें मुख्य काम त्याचेंच!

तें जन्मतः सदोष असलें, तर कांहीं बालकांच्या रक्तांत जंतूंशीं झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी फार थोड्या असतात, व तीं वारंवार आजारी पडतात. एवढ्याशा कणाच्या अचूक जुळणीवर आपलें आरोग्य अवलंबून आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें होय.