नॅसला कुलूप लावताय? खर्च कुठे आहे ते आधी बघा

सिनॉलॉजीच्या नॅसवर व्हॉल्यूम एन्क्रिप्ट करायचं शुल्क शून्य. लायसन्स नाही, वार्षिक वर्गणी नाही. सोय डीएसएम या नॅसच्या कार्यप्रणालीत ७.२ पासून आहे. तुमच्या मॉडेलवर चालते का, ते पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर बघा. कोटेशनमध्ये ‘एन्क्रिप्शन चार्ज’ दिसला तर ती निव्वळ मजुरी. घासाघीस करा.

खरा खर्च उशीर केल्याचा. एन्क्रिप्शन व्हॉल्यूम तयार करतानाच निवडावं लागतं. भरलेल्या व्हॉल्यूमवर मागाहून चढत नाही. मग सगळा डेटा बाहेर काढा, व्हॉल्यूम पुसा, नवा करा, डेटा परत भरा. ४ टीबी डेटा असेल तर तेवढी बाहेरची डिस्क हवी; भाव १८ टक्के जीएसटी धरून विचारा. सेकंदाला ११० एमबी वेग मिळाला तरी काढायला १० तास, भरायला १०. बारीकसारीक फायली असतील तर आणखी. शनिवारी संध्याकाळी बसा, यूपीएस लावूनच. मधल्या काळात तुमचा डेटा त्या एकाच डिस्कवर असतो. पुसण्याआधी दहा-वीस फायली उघडून बघाच. परवडत असेल तर दुसरी प्रत काढा.

व्हॉल्यूम तयार झाला की रिकव्हरी कीची छोटी फाइल डाउनलोड होते. ती तंत्रज्ञाच्या लॅपटॉपवर नको, तुमच्या संगणकावर उतरवा. दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक घराबाहेर. त्याच नॅसवर ठेवलीत तर कपाटाची किल्ली कपाटातच. नॅस बिघडला, डिस्क दुसऱ्यात घातल्या, की हीच फाइल लागते. ती नसेल तर सर्व्हिस सेंटरही हात वर करतं.

आता दुकानात सहसा सांगत नाहीत ते. रिकव्हरी की वेगळी; रोज कुलूप उघडणाऱ्या किल्ल्यांची तिजोरी नॅसमध्येच ठेवली, तर मशीन सुरू होताच कुलूप आपोआप उघडतं. चोराने नुसत्या डिस्क नेल्या तर तुम्ही वाचलात. अख्खा डबा नेला तर आडवा येतो फक्त लॉगिनचा पासवर्ड. उपाय आहे: किल्ल्या दुसऱ्या सिनॉलॉजी नॅसवर, दुसऱ्या जागी ठेवणं. म्हणजे दुसऱ्या डब्याचे पैसे. दवाखाना किंवा सीएचं ऑफिस असेल तर घाला. घरच्या फोटोंसाठी मी घालणार नाही. वॉरंटीत परत जाणारी किंवा भंगारात निघालेली डिस्क कोणी वाचू नये, एवढं साध्या मांडणीतही साधतं.

स्वस्तातला मार्ग म्हणजे फक्त एक शेअर्ड फोल्डर एन्क्रिप्ट करणं. भरलेल्या फोल्डरवरही जमतं. पण मग फाइलच्या नावाला १४३ बाइटची मर्यादा येते. देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे ४७ चिन्हं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. नुसत्या ‘कुलकर्णी’लाच ८ जातात. लांबलचक नावं आधी छाटा. आणि किल्ली साठवून ठेवली नसेल, तर वीज जाऊन आली की फोल्डर बंदच राहतो. ऑफिसातून फोन तुम्हालाच येणार.