वेडी बाभूळ आभाळातून शोधताना

कच्छमध्ये भुजच्या उत्तरेला, रणाला लागून बन्नीचं सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचं गवताळ रान आहे. मालधारी पशुपालकांच्या म्हशी आणि कांकरेज गायी त्याच्यावर जगतात. रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने १९६०च्या दशकात तिथे वेडी बाभूळ लावली. कच्छी माणूस तिला ‘गांडो बावळ’ म्हणतो. तिने बरंचसं गवत गिळलं. उपग्रहाच्या चित्रांवरून तिचा माग काढताना जे उमगलं, ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

१. आधी ऋतू बघा. पावसाळा संपताना गवत, झुडपं, बाभूळ सगळंच हिरवं असतं. एप्रिल-मेमध्ये गवत वाळतं, वेडी बाभूळ मात्र हिरवीच राहते. सेंटिनेल-२ उपग्रहाचं तेव्हाचं चित्र ऑक्टोबरच्या चित्राशेजारी ठेवलं की गवत आणि झाड वेगळं कळायला लागतं.

२. उन्हाळ्यात हिरवं दिसतं ते सगळं वेडी बाभूळ नसतं. पिलूचं झाडही बारमाही हिरवं. ते इथलंच, त्याची बारकी फळं माणसं आवडीने खातात. संगणक पुष्कळदा दोघांना एकच रंग देतो, आणि असा नकाशा हातात घेऊन तोड सुरू झाली तर पिलूही जाईल. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. म्हणून तोडीचा विषय निघण्याआधी नकाशा मालधारींसमोर पसरावा. फोनवर चित्र मोठं करून दाखवलं की जुनी माणसं बोट ठेवून सांगतात, हा पिलूचा ठिपका, हा गांडो बावळ, आणि इथे आमच्या लहानपणी म्हशी चरायच्या. ही माहिती उपग्रहाच्या कुठल्याच तरंगपट्ट्यात सापडत नाही.

३. सेंटिनेल-२चा सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा. रोप त्यात हरवून जातं. गुरं गोड शेंगा खातात, बी शेणावाटे बाहेर पडतं. पाणवठ्याजवळ वाकून बघा, वाळल्या शेणातून बोटभर उंचीची, जोडपानांची रोपं वर आलेली असतात. चित्रात ती दिसेपर्यंत त्यांची काटेरी जाळी झालेली असते. तेव्हा गुरांच्या वाटा आणि पाणवठे पायी तपासायलाच हवेत.

४. नकाशा पडताळण्यासाठी जमिनीवरची नोंद घेताना ती दाट जाळीच्या कडेवर घेऊ नका. फोनचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतो आणि नोंद शेजारच्या चौकोनात जाते. काटे लागले तरी आत शिरा.

५. नकाशाची ‘एकूण अचूकता’ या एका आकड्यावर विसंबू नका. रानाचा मोठा भाग उघडा किंवा गवताचा असला, तर बाभळीत गफलत होऊनही तो आकडा छान दिसतो. प्रत्येक वर्गाची चूक वेगळी मोजा.

६. तोडलेली वेडी बाभूळ बुंध्यापासून पुन्हा फुटते. तोडीनंतरच्या एका चित्रावर मोहीम फत्ते झाली असं जाहीर करू नये. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं २००८ पासून फुकट मिळतात. त्यांत मागची दशकं बघा, आणि साफ केलेल्या जागेवर पुढचे काही उन्हाळे नजर ठेवा.

७. बाभूळ काढायला सुरुवात कुठून करायची, असं विचारलं तर मी नकाशाची कड दाखवतो, जिथे गवतात तुरळक झुडपं नुकती दिसू लागली आहेत. तिथे गवताची मुळं आणि बी अजून जमिनीत असतं, आणि लहान झाड मुळासकट उपटता येतं.