खोडरबर दाराशी ठेवा

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ साली चित्रकार प्रभाकर बरवे यांचं ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे प्रदर्शन भरलं होतं. चित्रांसोबत त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. ते पाहून आल्यावर मी शिक्षकांसाठी बरव्यांच्या चित्रांवर कार्यशाळा घेऊ लागलो. त्यातून उमगलेलं थोडंफार:

१. बरव्यांचं नाव आधी घेऊ नये. घेतलं की वह्या उघडतात आणि जन्म १९३६, नागाव, मृत्यू १९९५ एवढं टिपून लोक मोकळे होतात. मी आधी पर्स आणि खिसे रिकामे करायला लावतो. किल्ली, कंगवा, सेफ्टी पिन, एसटीचं तिकीट, गोळ्यांची पट्टी. हा ढीग टेबलावर पडला की मग बरव्यांच्या चित्रांतली घड्याळं आणि झाडांची पानं दाखवावीत. तेव्हा ती परकी वाटत नाहीत.

२. सगळ्यात अवघड काम म्हणजे वस्तुचित्र विसरायला लावणं. चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेला माणूस किल्ली हाती आली की आधी छायाप्रकाश शोधतो, खाली टेबलाची कडही ओढतो. बरव्यांच्या वस्तूंना बहुधा टेबल नसतंच. त्या मोकळ्या अवकाशात असतात आणि त्यांची मापंही व्यवहारातली राहत नाहीत. म्हणून मी पेन्सिल देतच नाही. वस्तूचा आकार कार्डशीटमधून कापायचा, एकदा बोटाएवढा, एकदा पानभर, आणि रंगीत कागदावर सरकवत बसायचं. गोंद अगदी शेवटी. किल्ली कोपऱ्यात ढकलली की उरलेला कागद अचानक मोठा होतो, हे सांगून कळत नाही, सरकवूनच कळतं. यात गणिताच्या बाई चित्रकलेच्या सरांपेक्षा धीट निघतात. कुणी रागावू नये, पण असं वारंवार पाहिलंय.

३. खोडरबर दाराशीच ठेवून घ्यावेत. दिवसभर दुसऱ्यांचं बरोबर-चूक तपासणाऱ्यांना स्वतःची रेघ वाकडी आलेली सोसवत नाही. “सर, बरोबर आलंय का?” असं कुणी विचारलं की मी शेजारच्या मॅडमकडे बोट दाखवतो: त्यांना यात काय दिसतं ते विचारा.

४. एनॅमलचा मोह आवरावा. बरव्यांनी दारं-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग कॅनव्हासवर वापरला. तो आपला आपण पसरतो, ब्रशच्या खुणा बुजवतो आणि सपाट चकाकी ठेवतो. पण वाळायला रात्र घेतो आणि टर्पेंटाइनच्या वासाने डोकं उठतं. एका पत्र्यावर करून दाखवावा. बाकी पोस्टर कलर.

५. बरवे नेमाने डायरी लिहीत. ही गोष्ट शिक्षकांना पटकन पटते, कारण टाचणवही त्यांच्या पाचवीला पुजलेली. फरक एवढाच की टाचण साहेबांसाठी असतं. मी त्याच वहीच्या मागच्या पानावर रोज एक वस्तू आणि दोन ओळी लिहायला सांगतो, कुणालाही न दाखवण्याच्या अटीवर.

६. शेवटी शिक्षक नमुन्यांची पीडीएफ मागतात. देऊ नये. नमुना एकदा बाहेर गेला की तालुकाभरच्या भित्तिफलकांवर तेच पान आणि तीच किल्ली दिसू लागते. त्याऐवजी मी कार्डशीटची उरलेली कातरणं पिशव्यांत भरून वाटतो. अहवालाला फोटो लागतोच, तो पिशव्या हातात देऊनच काढतो.