आठव्या लेखाचं गाव

नालासोपाऱ्याला पश्चिमेकडे उतरायचं. एका विरारकराने कुणाला नालासोपाऱ्याला उतरायला सांगावं हे नवलच, कारण एरवी आम्ही त्या स्टेशनाकडे फक्त 'आता पुढचं आपलं' एवढ्याच नजरेने बघतो. माझीही तीच गत. जीवदानीच्या पायऱ्या शेकडो वेळा चढलो, अर्नाळ्याला होडीने गेलो, तुंगारेश्वरच्या ओढ्यांत भिजलो. पण एक स्टेशन मागे असलेला स्तूप बघायला चाळिशी उजाडावी लागली. तीही एका मित्राने ब्रह्मदेशातल्या बगानच्या सहलीचे फोटो दाखवल्यावर. इरावतीच्या काठी, शेताशेतांतून दोन हजारांहून जास्त विटांची देवळं आणि स्तूप, पहाटेच्या धुक्यात. तो म्हणाला, "आपल्याकडे असं कुठे आहे?" असं नाहीच. पण बगानमध्ये पहिली वीट रचली जाण्याच्या हजार-बाराशे वर्षं आधीपासून गजबजलेलं एक बौद्ध बंदर आपल्या लोकलच्या रुळांशेजारी आहे.

नाला आणि सोपारा ही मुळात दोन वेगळी गावं. रेल्वेने त्यांना एका पाटीवर बसवलं. आपल्याला जायचंय ते सोपारा गावात. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'बौद्ध स्तूप' सांगा. एखाद्या जुन्या माणसाला विचारायची वेळ आली तर 'बुरूड राजाचा कोट' म्हणा. स्तूप, चैत्य हे शब्द इथे पंडितांबरोबर आले. त्याआधी गावाच्या लेखी तो कुठल्याशा बुरूड राजाचा पडका किल्लाच होता. अंतर दहा-पंधरा मिनिटांचं; बाजारात अडकलात तर तुमचं नशीब. सकाळी आठच्या आत पोचलं तर दोन्हीकडून बरं: ऊन कमी आणि रविवारचा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आधी गाडी मिळते. महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात या सखल भागात पाणी साचतं, त्याची बातमी तुम्ही दरवर्षी वाचताच.

पोचल्यावर पहिली पाच मिनिटं निराशेची असतात, हे आधीच सांगून ठेवतो. चहूबाजूंनी वाढलेली वस्ती, मध्ये पुरातत्त्व खात्याचं आवार आणि त्यात विटांचा एक उंचवटा. शिखर नाही, कमान नाही. सोबत मुलं असतील तर त्यांना आत नेण्याआधी बाहेरच गोष्ट सांगा. नाहीतर "एवढंच?" हा प्रश्न ठरलेला.

एप्रिल १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा मधोमध खणला. विटांच्या पोटात त्यांना एक मोठा गोल दगडी करंडक सापडला. झाकण काढलं तर आत तांब्याचा करंडा, आणि त्याच्याभोवती वर्तुळात बसवलेल्या आठ छोट्या बुद्धमूर्ती: सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा, अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्यात चांदीचा करंडा, चांदीत दगडाचा, दगडात स्फटिकाचा, स्फटिकात सोन्याचा. आणि सोन्यात? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. भगवानलालांच्या मते त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या. एकात एक करंडे रचत माणसं सोन्यापर्यंत गेली आणि त्या सोन्यात त्यांनी माती जपली.

त्याच खजिन्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. पण त्या आठ मूर्ती घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. याचा अर्थ मधल्या काळात कुणीतरी हा स्तूप उघडला, आत मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. विटांकडे बघताना हे डोक्यात असू द्या. ही एकदा बांधून सोडून दिलेली वास्तू नव्हे, शतकानुशतकं नांदती जागा होती. आजही माणसं येतात, चपला बाजूला काढून वंदन करतात. तेव्हा विटांवर चढून सेल्फी काढू नका आणि 'आठवण' म्हणून वीट-खापरी खिशात टाकू नका. तो गुन्हा आहे आणि हलकटपणाही.

भगवानलालांना त्याच साली गावातल्या एका तळ्यापाशी फुटका शिलालेख मिळाला. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. तो निघाला सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा. इतरत्रच्या प्रतींमुळे त्या लेखात काय आहे हे पूर्ण माहीत आहे, आणि भटक्यांनी तो मुद्दाम समजून घ्यावा, कारण तो प्रवासाबद्दलच आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, शिकार आणि तशाच मौजा करत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांमध्ये करायचं काय, तेही लेख सांगतो: ब्राह्मण आणि श्रमणांची भेट, वृद्धांची भेट आणि त्यांना मदत, खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट, त्यांच्याशी धर्माबद्दल बोलणं. स्थळांची यादी नाही. यादी आहे ती माणसांची. वीकेंडला पन्नास जणांची बस, एका हातात माइक आणि दुसऱ्यात सेल्फी स्टिक घेऊन निघणाऱ्या आपल्या ग्रुपांना हा लेख व्हॉट्सॲपवर पाठवावा असं मला फार वाटतं.

अशोकाच्याच नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. त्यात आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक करतात त्या मंगलविधींची उलटतपासणी आहे. घरून निघताना दह्याची वाटी हातावर ठेवणाऱ्या आईला हे सांगू नका. आज भुईगावात लेखाची काही खूण बघायला मिळत नाही, समुद्रकिनारा मात्र आहे. दोन्ही शिळा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेल्या. स्तूपातले करंडे एशियाटिक सोसायटीकडे. सोसायटी म्हणजे संग्रहालय नव्हे, तिथे आधी विचारून जावं. म्हणून माझा क्रम असा: आधी सोपारा, मग दुसऱ्या एखाद्या दिवशी फोर्ट. उलटं केलंत तर इथे फक्त रिकामी जागा दिसेल.

ट्रेकवाल्यांना सोपारा आधीच भेटलेला असतो, ओळख पटलेली नसते एवढंच. नाणेघाटात पाण्याच्या टाक्याशेजारी दम खाल्लाय ना? तिथलं एक टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचं लेखात कोरलंय. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूने दिलेला खांब आहे. बंदरात उतरलेला माल घाटावर आणि घाटावरचा बंदरात, ही ती वाट. 'पेरिप्लस' हे प्राचीन सागरी प्रवासवर्णन ग्रीकमध्ये लिहिणाऱ्याने या बंदराचं नाव 'सूप्पारा' असं नोंदवलंय.

आणि ब्रह्मदेश? बौद्ध कथांमधला पूर्ण हा इथला, शूर्पारकाचा व्यापारी. समुद्रावर सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने बुद्धवचन ऐकलं, भिक्षू झाला आणि परत आपल्याच मुलखात जायला निघाला. तिथले लोक तापट आहेत, शिव्या देतील, मारतील, असं बुद्धाने बजावल्यावर पूर्णाकडे प्रत्येक इशाऱ्याला उत्तर तयार होतं: शिव्या दिल्या तर म्हणेन, मारलं तर नाही ना! (विरार फास्टमध्ये दारात उभं राहणाऱ्याला हे तत्त्वज्ञान आपोआप येतं.) पुढे इथे चंदनाचा विहार बांधला गेला आणि स्वतः बुद्ध आले, असं कथा सांगते. गंमत म्हणजे म्यानमारचे लोक हीच कथा आपल्या देशात घडली मानतात, मिनबूजवळ. पूर्णाचा 'सुनापरांत' तो तिकडचा, अशी त्यांची श्रद्धा, आणि तिथले राजे सुनापरांताचे स्वामी असं बिरुद लावत. त्यांचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली आणून ठेवलं ते रत्नागिरीला, म्हणजे खऱ्याखुऱ्या अपरांतात, कोकणात. १९१६ साली तो तिथेच वारला.

स्तूपाला निवांत तासभर द्या. मग रिक्षाने चक्रेश्वर तलाव. काठावरच्या महादेव मंदिरात सापडलेली जुनी शिल्पं ठेवली आहेत. त्यांतला उभा ब्रह्मदेव चुकवू नका. ब्रह्मदेवाच्या मूर्ती एकूणच कमी, आणि ही चांगली भरघोस आहे. तळ्यावर आजोबा लोक बसलेले असतात. अशोकाचं ऐकायचं तर इथेच ऐका, "काका, पूर्वी खाडी कुठवर यायची?" एवढं विचारा आणि गप्प बसा. माझा पाऊण तास असाच गेला. मिठागरं, होड्या, विहिरी, बागायती, सगळं हातवाऱ्यांनी दाखवून झालं. बंदर गाळाने कसं भरत गेलं ते पुस्तकापेक्षा त्या हातवाऱ्यांत जास्त कळतं.

तिथून पुढे निर्मळ. विमलेश्वराचं मंदिर, तळं, शंकराचार्यांची समाधी. कार्तिक वद्य एकादशीपासून इथे मोठी यात्रा भरते; गर्दी सोसत असेल तर तेव्हाच जा, कारण सुकेळी तेव्हा मिळते. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली, मधासारखी. पानात गुंडाळलेली पुडी घ्या, प्लास्टिकच्या डब्यातली नको.

पाय शिवशिवत असतील तर दुपार उतरल्यावर विरारला येऊन जीवदानी गाठा. तेराशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर रोपवे आहे. नवरात्रात मात्र भटकंतीसाठी तिकडे फिरकू नका. वरून सगळा नकाशा समजतो: उत्तरेला वैतरणेचं मुख, समोर अर्नाळा, दक्षिणेला वसईची खाडी, आणि या दोन पाण्यांच्या मधे, इमारतींच्या गर्दीत हरवलेलं सोपारा. होडीला दोन्हीकडून आत शिरता येई. बंदर इथेच का झालं, हे विचारावं लागत नाही.

ब्रह्मी वास्तूच बघायची हौस उरली असेल तर पुढचा रविवार गोराईला. मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोयंकांनी यांगॉनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर उभारलेला विपश्यना पॅगोडा २००९ साली खुला झाला. आत एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं ध्यानाला बसतील एवढा घुमट. बोरिवलीहून गोराईच्या धक्क्यावर जाऊन होडीने जावं. भाईंदरहून रस्त्याने जाणारे खाडीची मजा घालवतात. सोपाऱ्यात आत काय होतं ते कळतं, गोराईत बाहेरून ते कसं दिसत असेल याचा अंदाज येतो. माझं मन विटांवरच आहे, पण मुलांना गोराई आवडते.

पाणी स्वतःचं न्या, टोपी न्या, स्तूपाजवळ खायची सोय गृहीत धरू नका. स्टेशनाबाहेर वडापाव पोटभर खाऊन निघा. संध्याकाळी परतताना नालासोपाऱ्याहून चर्चगेटकडची गाडी पकडायची तर बसायला जागा मिळणं कठीण. विरारला रिटर्न येऊन बसायचा मोह होईल. या, पण तिकीट विरारचं काढा, आणि खिडकीत आधीच बसलेल्या विरारकराकडे बघून हसू नका. सुकेळी पुढे केलीत तर कदाचित तो थोडा सरकेल.