गरिबाचें गाणें कसें ऐकावें

शिवाजी पेठेंत शिवजयंतीस पोवाडा ऐकणारा शूरांच्या कथेची अपेक्षा करितो, लावणी ऐकणारा शृंगाराची वाट पाहतो, आणि गरिबाचें गाणें म्हटलें कीं आतां रडगाणें येणार, असें आपण आधींच धरून चालतों. शाहीर अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘माझी मैना’ ही छक्कड ऐकणाऱ्यास मात्र ही समजूत सोडावी लागते.

अण्णाभाऊ वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचे. मुंबईंत त्यांनीं गिरणीमजुरी केली आणि १९४४ सालीं अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढिलें.

छक्कड हा लावणीचाच प्रकार. म्हणून गाणारा प्रथम गांवीं राहिलेल्या बायकोचें रूप वर्णितो व श्रोता सुखावतो. मग विरहाचें कारण कळतें. कोणी दुष्ट आडवा आलेला नाहीं. पोटासाठीं त्यास मुंबईस जावें लागलें आहे.

निघतांना तो तिला दागिन्यांचीं वचनें देतो. त्यांत आपला कोल्हापुरी साजही आहे. साजाचें मोल कोल्हापुरकरांस सांगावयास नको! तरी तिचें समाधान होत नाहीं.

मुंबईंत तो ऊन, थंडी, पाऊस न पाहतां राबतो. खिशांत पैसा साठावा, तेथें पावसाचें पाणी साठतें. साज देऊं म्हणणाऱ्याजवळ एक छत्रीही नाहीं. येथें श्रोता हसतो, आणि लागलीच त्याचें हसूं थांबतें. कवीनें दया मागितलेली नाहीं. साज व छत्री ह्यांमधील अंतर तेवढें दाखविलें आहे.

गाणें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतील. म्हणून शेवटीं ही ताटातूट बेळगांव-कारवारच्या ताटातुटीशीं जोडली जाते व एका मजुराचें दुःख सर्वांचा प्रश्न होतें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. परंतु बेळगांव व कारवार आजही कर्नाटकांत आहेत.

बोध हा कीं, गरीब मनुष्य केवळ कींव करण्याचा विषय नव्हे. त्यास सौंदर्याची आवड असते, विनोद कळतो, न पाळलेल्या वचनाची लाज वाटते. कींव करणारा दूर उभा राहतो; परंतु ज्याच्या स्वतःच्या घरीं असें एखादें वचन अपुरें राहिलें आहे, त्यास दूर राहतां येत नाहीं. गांवोगांवीं गाणीं शिकविणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें.

मननासाठीं प्रश्न :
१. तुमच्या गांवांतून पोटासाठीं कोण बाहेर गेलें आहे? घरच्यांस त्यांनीं काय देऊं केलें होतें?
२. तुम्ही गातां त्या गाण्यांत गरीब स्वतः बोलतो, कीं त्याच्याविषयीं दुसरेच बोलतात?