पाच सेंटिमीटर

'थोडक्यात हुकलं' असं आपण सहज म्हणतो. हे 'थोडक्यात' म्हणजे नेमकं किती, ते मला इमोजन ग्रँट या ब्रिटिश खेळाडूच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना कळलं.

आधी खेळ समजून घेऊ. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकला गेला, तेव्हा रोइंग हा शब्द मराठी घरांत पोचला. तो एकट्याने बोट वल्हवायचा. ग्रँटचा प्रकार लाइटवेट डबल स्कल्स. बोटीत दोघीजणी, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही, अंतर २००० मीटर. या खेळात उंच, धिप्पाड माणसाला मुळातच फायदा असतो. लहान चणीच्यांनाही संधी मिळावी म्हणून हा गट निघाला आणि १९९६ला अटलांटात ऑलिंपिकमध्ये आला. महिलांसाठी अट अशी : कुणाचंही वजन ५९ किलोंच्या वर नको आणि दोघींची सरासरी ५७च्या वर नको. शर्यतीआधी एक ते दोन तासांच्या दरम्यान काट्यावर उभं राहायचं, मग पाण्यात उतरायचं.

ग्रँट शाळेत रोइंग करत नव्हती. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टरकी शिकायला गेली आणि तिथे पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. एमिली क्रेग तिची जोडीदार. २०२१मध्ये टोकियोच्या अंतिम शर्यतीत इटली, फ्रान्स, नेदरलँड्स आणि ब्रिटन या चारही बोटी अर्ध्या सेकंदात आल्या. इटलीला सुवर्ण. नेदरलँड्स ६ मिनिटं ४८.०३ सेकंद, ब्रिटन ६ मिनिटं ४८.०४. कांस्यपदक गेलं ०.०१ सेकंदाने.

मी गणित करून पाहिलं. सेकंदाला साधारण ४.९ मीटर वेग धरला, तर हे अंतर पाच सेंटिमीटरही भरत नाही. जेमतेम तीन बोटं!

पुढे काय झालं? जोडी फुटली नाही. २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षी दोघी विश्वविजेत्या झाल्या. मधल्या काळात ग्रँटने शिक्षणही पुरं केलं, डॉक्टर झाली. २०२४मध्ये पॅरिसला सुवर्णपदक मिळालं, तेही दीड सेकंदाहून जास्त फरकाने. म्हणजे सात-आठ मीटर.

इथे एक मोह होतो : 'बघा, अपयशातून यश!' असं म्हणून मोकळं व्हायचा. मला तो धडा अपुरा वाटतो. समजा, पॅरिसलाही त्या चौथ्या आल्या असत्या, तर टोकियोतली त्यांची मेहनत कमी ठरली असती का? पदक कुणाचं हे तीन बोटं ठरवू शकतात. माणसाची लायकी ती ठरवू शकत नाहीत. आपल्याकडे एका गुणाने यादीतून नाव गेलं की घरीदारी लगेच 'कमी पडलीस' ऐकवतात. त्या मुलीला हा हिशेब कुणीतरी मांडून दाखवायला हवा.

चॅपेलमध्ये आपण पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र ऐकतो. त्यातही शर्यत आहे, आणि बक्षीस एकालाच मिळतं हे पौल लपवत नाही. पण स्पर्धेत उतरणारा प्रत्येक जण संयम पाळतो, हेही तो लगेच सांगतो. बक्षीस एकाचं, संयम सगळ्यांचा.

एक हळहळ मात्र राहते. पॅरिसनंतर हा गट ऑलिंपिकमधून गेला; २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये तो नसेल. लहान चणीच्या मुलींसाठी उघडलेलं एक दार बंद झालं. त्या दारातून सुवर्ण घेऊन शेवटी बाहेर पडलेल्या महिलांच्या जोडीत ग्रँट होती, एवढं तरी आपण लक्षात ठेवू.